बशीतला बर्फ आणि जास्वंदीची तारीख

ती. आत्यास,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, नमस्कार जिथवर पोचला तिथवर गोड मानून घे.) तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही मजेत. जास्वंद कशी आहे म्हणून विचारलंस, त्याचं उत्तर लांबलचक आहे, तेव्हा चष्मा लावून बस.

तू पाठवलेल्या तिन्ही फांद्यांना कुंडीत मुळं फुटली आणि मी हवेत गेलो. फेब्रुवारीत दोन दिवस कडक ऊन पडलं. मला उकडतंय म्हणजे झाडालाही उकडत असणार, असं समजून पहिलं रोप फाटकाशी लावलं. तिसऱ्या सकाळी पानं काळी पडून लोंबत होती. दव गोठलं होतं. मग इथली शेवटची गोठवणारी रात्र कधी असते याची चौकशी सुरू केली. प्रश्न साधा वाटतो, पण विचारून बघ कुणाला! न्हावी म्हणाला, फेब्रुवारी सरला की संपलं. (त्याला टक्कल आहे, थंडी त्याला आधी कळत असणार म्हणून विश्वास ठेवला. दुसरं रोप गेलं.) पोस्टमन म्हणाला, एप्रिलपर्यंत हातमोजे काढू नका. शेवटी रोपवाटिकेतल्या बाईंकडे गेलो.

"घर उताराच्या वर की खाली?" त्यांनी विचारलं.

"अगदी खाली."

"मग गावाची तारीख काय कामाची? तुमच्या अंगणाची काढा. बशांत पाणी ठेवा आणि रोज सकाळी बघा."

हिच्या नव्या सेटातल्या सहा बशा मी अंगणभर मांडल्या. (आम्ही पेल्यातून चहा पितो. ही अजून बोलत नाही, म्हणजे बोलते, पण बशांविषयीच.) रोज सकाळी कानटोपी घालून मी ओणवा होऊन बशांवर नख वाजवायचो. शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणावरून बघत होते. मी मांजरं पाळायला काढली असावीत असं वाटून त्या भल्या माणसाने एके दिवशी सगळ्या बशांत दूध ओतलं. दहा मांजरं आली, आणि त्या दिवसाची नोंद मांजरांनी चाटून टाकली. मी खुलासा केला, तर मास्तर उलट मलाच विचारू लागले, दूध आधी गोठतं की पाणी? तेव्हापासून तेही वही घेऊन येतात.

आणि आत्या, काय सापडलं सांगू? फाटकापाशी बर्फाची कड धरलेली असायची, तेव्हा चौदा पावलांवर, स्वयंपाकघराच्या भिंतीशी, पाणी हलत असायचं! थंडी पाण्यासारखी उतारावरून येते आणि खाली कुंपणाशी तुंबते. आभाळ निरभ्र असलं की जास्त, ढग आले की गप्प. बावीस वर्षं या घरात राहतोय, पण अंगणात दोन ऋतू शेजारी-शेजारी राहतात हे ठाऊक नव्हतं. भिंतीशी शेवटचा बर्फ नऊ मार्चला, फाटकाशी एकतीसला. वर दोन आठवडे दम धरायचा, असं बाई म्हणतात. भिंतीशी खड्डा खणून ठेवला आहे. मी आणि मास्तर काल अर्धा तास त्याच्याकडेच बघत उभे होतो.

प्रकृतीला जप.

तुझा भाचा

ता.क. खड्डा आहे, तारीख आहे, रोप मात्र नाही. तिसरं मी उबेला म्हणून न्हाणीघरात ठेवलं होतं. अंघोळ करताना कढत पाण्याची बादली त्याच्यावर लवंडली. तेव्हा पुन्हा एक फांदी हवी. पोस्टात ती चेंगरते, म्हणून तूच ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन ये. मुळं धरायला महिना लागतो, तोवर तिच्याजवळ कुणीतरी जाणतं हवं. आतोबा गेल्यापासून तू उंबरा ओलांडला नाहीस, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

ता.क. दुसरा (भाचेसुनेकडून). आत्या, हे गेले तीन दिवस पत्रच लिहितायत. विचारायचं होतं एवढंच, की तुम्ही याल का. उन्हाची खोली झाडून ठेवली आहे. फांदी विसरलात तरी चालेल.