न ओरडणारा कॉम्प्युटर

बोईसर,
१२ नोव्हेंबर १९९४

ती. स्व. दमयंतीआत्यास,

कृष्णकांतचा नमस्कार. (वाकूनच केला आहे. खोली लहान असल्यामुळे डोकं कपाटावर आपटलं, तेवढं जमेस धर.) तुझा गुडघा कसा आहे? माहीमच्या वाडीतल्या पानवेली ठीक ना? काकांचा खोकला आणि काकांचा रेडिओ यांपैकी निदान एक तरी बंद झाला असेल अशी आशा करतो.

पत्र लिहायचं कारण घिवलीचे बळवंतराव. मुलगा सावळा असला तरी चालेल, पण तो दिवसभर करतो काय ते कळलं पाहिजे आणि नोकरी पक्की पाहिजे, असं ते तुला म्हणाले. आणि तू मला दम भरलास की सगळं नीट लिहून पाठव, मी त्यांच्या ओटीवर बसून मोठ्याने वाचते. म्हणजे त्यांच्या शालूशी माझं लग्न जमणं आता या पत्रावर आलं. तेव्हा चष्मा लाव आणि घसा साफ कर.

आमच्या कारखान्यात कपड्यांचे रंग बनतात आणि ते गोण्यांतून, पिंपांतून गोदामात जातात. कुठलं पिंप कुठे ठेवलंय हे फक्त मुकादम खंडेरावांच्या डोक्यात असतं, आणि खंडेराव रजेवर गेले की ते डोकंही त्यांच्याबरोबर साताऱ्याला जातं. म्हणून मालकांनी कॉम्प्युटर आणला आणि गोदामातल्या माणसांना वापरता येईल असा प्रोग्रॅम करायला मला बसवलं. मी केला. इतका देखणा केला की मी स्वतःच खुर्ची ओढून त्याच्याकडे बघत बसायचो. गोणी आली की तिच्या चिठ्ठीवरचा नंबर मारायचा, की यंत्र जागा सांगणार. नंबर चुकला तर ओरडणार. आणि बरोबर असला तरी विचारणार, 'खात्री आहे का?'

इथेच घात झाला. खंडेराव भडकले. "आख्खा जल्म गोण्या मोजण्यात गेला, आन् ह्यो डबा मला इचारतो खात्री हाय का?" असं म्हणून त्यांनी रागाने 'नाही'चं बटण दाबलं, आणि मग दर गोणीला तेच दाबत राहिले. दुपारपर्यंत कॉम्प्युटरच्या मते आमचं गोदाम साफ रिकामं होतं आणि दारात ट्रक भरायचा खोळंबला होता. ओरडण्याची कथा आणखी वाईट. बायडी म्हणून विक्रमगडकडची एक बाई आमच्याकडे गोण्या उचलते. तिचा एक आकडा चुकला आणि यंत्र असं किंचाळलं की सगळं गोदाम हसलं. पुढे येता-जाता जो तो तिला तोच आवाज काढून दाखवू लागला. ती यंत्राकडे फिरकेना, मग बाकीचेही फिरकेनात. चारचौघांत शोभा करून घ्यायची कोणाला हौस असते? (तुलाही नाही. काकांनी लग्नात तुझ्या उखाण्यात चूक काढली, ते तू अजून विसरलेली नाहीस.) मालकांनी मला बोलावून सांगितलं, शनिवारी बघायला येतो, चाललं नाही तर डबा आणि तू, दोघं एकाच टेम्पोतून जाल.

मग मी सगळंच उलटं केलं. (हे बळवंतरावांना जरा ठासून वाच.) चुकलं तर यंत्राने गप्प बसायचं आणि मुकाट्याने पुन्हा विचारायचं, बरोबर आलं तर गायचं. लांबलचक वाक्यांच्या जागी गोणीचं नि पिंपाचं चित्र काढलं, आकडे आणि तीन बटणं सोडून बाकीच्यांवर पुठ्ठा चिकटवला, आणि 'खात्री आहे का'ला कायमचं हाकललं. गाण्यासाठी, बायडीच्या गावाकडे नाचाला फुंकून वाजवतात त्या तारप्याची चाल बसवली. बायडीने लांबूनच ऐकून निकाल दिला, "हा तारपा नाय. तुज्या डब्याला सर्दी झाली हाय." पण हसली, पुढे आली आणि तिने नंबर मारला. संध्याकाळी तिथे रांग लागली होती! लोकांना ते सर्दीचं गाणं इतकं आवडलं की एकच गोणी पुन्हापुन्हा आत आणू लागले, आणि पडद्यावर आमच्याकडे सबंध तालुका निळा करता येईल एवढा माल जमा झाला. शेवटी एका चिठ्ठीला एकदाच गाणं, असा बंदोबस्त करावा लागला.

शनिवारी मालक आले आणि कोपऱ्यात पडलेलं एक लाल रंगाचं पिंप त्यांनी मुद्दाम मागितलं. बायडीने बटणं दाबली, पडद्यावर जागा आली, आणि मालकांचा चहा संपायच्या आत पिंप त्यांच्या पायाशी हजर! मग नव्या आलेल्या गोणीचा नंबर मारायची त्यांना स्वतःला हुक्की आली. त्यांनी नंबर चुकवला, परत चुकवला, आणि यंत्र आपलं शांत. अखेर गाणं वाजलं तेव्हा त्यांनी आजूबाजूला असं बघितलं, जणू पहिल्या नंबराने पास झाले. खंडेरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती अजून दुखते आहे. आत्या, मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. मी जिंकलो!

मोठ्यांना नमस्कार, लहानांना खाऊ, काकांना खोकल्याची गोळी.

तुझा,
कृष्णकांत

ता. क. घिवलीला माझ्या सहीपर्यंतच वाच. इथून खाली कात्री लाव.

ता. क. दुसरा. मालकांनी पेढे दिले आणि म्हणाले, शाब्बास, आता हे कोणीही चालवू शकतं. आणि म्हणून या महिन्यानंतर माझी गरज नाही. फार प्रेमाने म्हणाले. पेढे चांगले होते.

ता. क. तिसरा. कात्री राहू दे. पत्र आधी सगळंच्या सगळं शालूच्या हातात दे. मुलगी बघायला आलो तेव्हा सगळ्यांनी माझा पगार विचारला. तिने एकटीने विचारलं होतं, गोदामातल्या बायकांना ते यंत्र जमेल का? तिला सांग, जमलं. ती मला फार आवडली आहे. ती नाही म्हणाली तर फार वाईट वाटेल, पण नसलेल्या नोकरीवर मिळवलेला होकार मला नको. उत्तर तिच्याच हातचं येऊ दे. पत्ता तीस तारखेपर्यंत हाच आहे.