रूहीचा रिपोर्ट अन् नेट

७ जानेवारी २००८, सोमवार
माह्या रूहीच्या रक्ताचा, सिकलसेलचा रिपोर्ट नागपूरहून ईमेलवर येणार हाय. डॉक्टर म्हणे, ईमेल दिसला नाई त घरच्या फोनवर सांगतो. मी म्हटलं, फोनचं काम नाई, आमच्या घरी नेट हाय. रूहीचे अब्बा ट्रक घेऊन रायपूरले गेले. मी सातवी पास आहो. उद्यापर्यंत जमवतो.

८ जानेवारी, दुपार
नाई जमलं. अंकुशभाऊनं विकलेल्या कॉम्प्युटरात लिनक्स हाय. त्याच्या कागदावरचं अक्षर-अक्षर टाइप केलं. मोडेम कुई-कुई, खर्रर्र, मग चूप. पडद्यावर आलं, "नो कॅरियर," म्हणजे लाईन लागली नाई. अंकुशभाऊच्या दुकानी गेली. म्हणे, "भाभी, डब्बा बरोबर हाय, लाईन पाहा." लाईनमन म्हणे, "बाई, लाईन मख्खन हाय, डब्बा पाहा."
मीच पाहतो.

९ जानेवारी
पासवर्डात मोठा एस होता, मी छोटा टाकत होती. पकडला! तरी नाई लागलं.
रूहीचे हात सुजले. थंडी लय हाय.

१० जानेवारी
अंकुशभाऊ घरी येऊन सेटिंग करून गेला. आता मोडेम आपोआपच डायल करत राह्यते. म्हणे, "लागेपर्यंत थांबत नाई आता." झालं काम.

११ जानेवारी, सकाळी
शेजारची सुगंधाबाई आली. "काऊन वं शमसुन, तुहा फोन कालपासून एंगेज! कोनासंग एवढं गुलुगुलु करून राह्यली?" खूप हसली.
मोडेम चालू असला त फोन येत नाई, हे मले माहीत हाय. पण ईमेल येणारच हाय, मंग फोन कायले पाह्यजे?
संध्याकाळी
रूहीले ताप. दूध घेत नाई. सुगंधाबाई आता हसत नाई. म्हणे, "दवाखान्यात ने पोरीले." म्हटलं, रिपोर्ट पाहून नेतो.
माह्या भावाचेबी, जाफरचे, हात लहानपनी असेच सुजत. अठरा पुरे व्हायच्या आधीच गेला तो.
ते वेगळं होतं.

१२ जानेवारी, ११ वाजता
वायरीत धूळ असन म्हणून मोडेमची वायर काढली. पदरानं पुसून राह्यली होती, तं फोन वाजला. वाजतच राह्यला. रूही दचकून रडली. मी उभीच.
बंद झाला. लगेच परत वाजला.
राँग नंबर असन. वायर परत लावली.
आता कुई-कुई जास्त वेळ चालते. उद्या पक्कं लागते.