फुलाऐवजी नवती

दादा,

तू रोज फोनवर विचारतं, "संध्या, फूल दिसलं काय?" मी म्हनते, "येऊन राहिलं." ते खोटं हाय.

संत्र्याले दीड महिना पानी तोडाचं, झाडाले ताण बसला तरच बहार फुटते, असं तू सांगून गेलता. मी वीस दिवस दम धरला. मंग पानं वळाले लागले, गळाले लागले. खड्डे, कलमं, बोर, ठिबक, शेणखत, पाच वर्षांचा तुहा पगार या चारशे झाडाईत गेला. वाळले त तुले काय सांगू? भेवानं मी ठिबक चालू केलं, रातभर.

झाडं हिरवीगार झाली. मी खुश होती. काल शेजारच्या श्रावणकाकानं फांदी वाकवून पाह्यली.

"पोरी, पानी कोनं देल्लं? नुसती पानाची नवती फुटली. औंदा फूल नाई येत."

"पाऊस आलता, काका."

"तुह्याच वावरात आलता काय?"

ते हसत गेले. फवारनी, खत, राखन, वर्षभराचा खर्च तसाच, अन् फळ एक नाई. अन् तू, माह्या शब्दाच्या भरवशावर, आता बागच पाहाची म्हनून, उद्या राजीनामा देनार हायस.

हे पत्र पुण्याले पोचेस्तोवर तू नोकरी सोडून बसशीन. म्हनून लिहिता लिहिताच फोन लावला. रिंग जाऊन राहिली. तू उचलू नोको, असंच वाटून राहिलं मले.

तुले भेनारी,
संध्या