लॅपटॉपचा पोर्ट बदलून आणला

मनोज,

तुया जुन्या लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट आज दुकानातून बदलून आणला. आता पेनड्राइव्ह चालतो.

तुई माय दवाखान्यात होती तवा तू फोन उचलत नव्हता. म्हणून तुया बहिणीनं, करिश्मानं, मायच्या बोलण्याचा व्हिडिओ पेनड्राइव्हमध्ये भरून तुले आणून देला. "पोर्ट तुटला, कसं पाहू?" असं तू तिले म्हणे. अख्ख्या अमरावतीत तुले दुसरा लॅपटॉप भेटला नाही.

मी आज पाह्यलं. माय म्हणते, "मी रागावली नाही, बाबू. एक डाव भेटून जाय."

मायच्या तेरवीले लोकायसमोर लय रडला तू. जित्तेपणी काहून नाही आला?

तू ड्यूटीवरून येईपर्यंत मी थांबत नाही, मूर्तिजापूरले आपल्या घरी चाललो. घरी यायची घाई करू नको. तुई वाट पाहणारी तीच एक होती.

— बाबा