रविवारी कोणत्या गुहेत जावं

कुराशिकी,
३ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

इकडे थंडी अजून उंबऱ्याबाहेरच आहे. तुमच्या डोंगरात एव्हाना पानं लाल व्हायला लागली असतील. वहिनीने पाठवलेले चेस्टनट घालून भात केला. हारुचं ताट रिकामं परत आलं, म्हणजे आवडला असं धरून चालायचं. आमच्या घरात आवडनिवड ताटावरूनच कळते, हे तुला नव्याने सांगायला नको.

फोन सोडून पत्र कशाला, म्हणशील. फोन जिन्याखाली आणि वर त्याची खोली. खालची कुजबुजसुद्धा त्याला ऐकू जाते. दादा, माझ्या पोटात गाठ निघाली आहे. डॉक्टर म्हणाले की कापून काढायला हवी, पुढचं कापल्यावर कळेल. सव्वीस तारखेला दाखल व्हायचं आणि निदान तीन आठवडे राहायचं. मी त्यांना विचारलं, की चार दिवसांत घरी सोडाल का. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मला मरणाची भीती वाटत नाही, ताटाची वाटते. माझा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि नोकरी सुटल्यापासून बारा वर्षं त्याने रस्त्यावर पाऊल टाकलेलं नाही. ह्यांच्या अंत्यविधीलाही तो खाली उतरला नाही. गेल्या वर्षी मी दोन दिवस ओसाकाला गेले होते. गॅसचं मीटर बघणारा माणूस अंगणात येऊन गेला, तेवढ्याने हा असा धसकला की खाली रांधून ठेवलेलं तसंच राहिलं. मग तीन आठवडे त्याला कोण जेवू घालणार? मी काय करू, तूच सांग.

परवा मी त्याच्या दाराशी बसून म्हटलं, की हारु, एकदा तरी दोघं गाडी काढून कुठे तरी जाऊन येऊ. उत्तराची आशा नव्हतीच. आज सकाळी ताट ठेवलं, तर आतून त्याने विचारलं, की मामा बस घेऊन जायचा त्या गुहा अजून उघड्या असतात का. इतक्या वर्षांत त्याने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी तिथेच जिन्यावर बसले. कोणत्या गुहेत नेऊ ते लगेच कळव.

वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त लागेल.

तुझी,
हिसानो

ओकुतानी,
७ ऑक्टोबर

चि. हिसानो हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. गाठ काही एका रात्रीत होत नाही. उन्हाळ्यात तू जेवत नव्हतीस तेव्हा मी विचारलं, तर उकाड्यावर ढकललंस. लहानपणी पायात काच घेऊन दिवसभर शाळेत बसली होतीस, अजून तशीच आहेस.

माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला नसता तर मीच गाडी घेऊन आलो असतो. तुझी वहिनी म्हणते, की झालं ते बरंच झालं. माझी बडबड ऐकून पोरगं आणखी बारा वर्षं आत जाऊन बसलं असतं.

आता गुहा. आमच्याकडे तीन. मोठीत रंगीत दिवे, लिफ्ट, बाहेर आइस्क्रीम; सुट्टीच्या दिवशी तिथे दगड दिसत नाहीत, माणसंच दिसतात. वरच्या डोंगरातली सुंदर आहे, पण डोक्यावर हेल्मेट घालून रांगत जावं लागतं. तुझ्या पोटाला ते झेपायचं नाही. तिसरी शिराताकी, नदीकाठची. लांबलचक आहे, दिवे मंद, आतून ओढा वाहतो आणि मध्यावर पांढऱ्या दगडाचा उंच पडदा आहे. बसमध्ये चढताना चिवचिवणाऱ्या बायकाही तिथून बाहेर येत त्या गप्प होऊन. माझं ऐकशील तर शिराताकी. मात्र मधल्या वारी जा, शनिवार-रविवारी बसगाड्या येतात.

प्रकृतीला जप. वहिनी रोज तुझी आठवण काढते, मी काढतो ते सांगत नाही.

तुझा दादा,
सेइकिची

कुराशिकी,
११ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दाराबाहेर बसून मोठ्याने वाचलं, गाठीचा मजकूर वगळून. शिराताकी चालेल म्हणाला. पण मधला वार नको. कामाच्या दिवशी एवढा मोठा माणूस आईच्या गाडीत बसून कुठे निघाला, म्हणून लोक बघतील. रविवारी सगळेच आपापल्या आयांना फिरवतात, त्यात खपून जाईल. बघ, इतकी वर्षं आत कोंडून घेतलं तरी लोक काय म्हणतील याचा विचार काही सुटलेला नाही. शिवाय त्याला विचारायचं आहे, की आतली वाट अरुंद आहे का, माणसं एकामागून एक चालतात का. समोरासमोर कुणी यायला नको.

काल मात्र धीर करून मी गाठीचंही सांगितलं. संध्याकाळचं ताट भरलेलं परत आलं, आजही तसंच. एका मदत करणाऱ्या संस्थेत जाऊन आले. तिथली मुलगी गोड होती. म्हणाली, की चिरंजीवांनी स्वतः येऊन नाव नोंदवलं तर घरी डबा पाठवता येईल. स्वतः येऊन! मी तिचे आभार मानले आणि बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

दादा, तुला सोडून कुणाला लिहिणार? कधी कधी वाटतं, सव्वीस तारखेची वाटच बघू नये. दोघांनी मिळूनच... पुढचं लिहीत नाही. तुला कळलं असेल.

माया असू दे.

तुझी,
हिसानो

ओकुतानी,
१४ ऑक्टोबर

चि. हिसानो हीस आशीर्वाद.

पुढचं लिहिलं नाहीस तरी कळलं. तुझ्या वहिनीला पत्र दाखवलं नाही. तसलं काही पुन्हा मनात आलं तर हारु ऐकतो की नाही याचा विचार न करता जिन्याखालचा फोन उचल आणि मला उठव. ऐकू दे त्याला. आई काय भोगते आहे ते त्याच्याही कानावर जाऊ दे. माझ्याआधी जायची तुला परवानगी नाही. आणि त्याच्या जिवावर तर तुझा मुळीच हक्क नाही. ज्याला जगायचं नाही तो वाट अरुंद आहे का म्हणून विचारत नाही, वेडे.

त्याला सांग, की शिराताकीची वाट इतकी अरुंद आहे की पुढच्याची पाठ तेवढी दिसते. समोरून कुणी येत नाही, सगळे एकाच दिशेने चालतात. अठराला, रविवारी, दार उघडता उघडता पोहोचा. वाट एकच आहे, चुकायला जागा नाही. गरम कपडे घे, आत बारा महिने गारठा असतो.

जाऊन आलात की दोन ओळी टाक, माझं इकडे लक्ष लागणार नाही.

दादा

कुराशिकी,
१९ ऑक्टोबर

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

जाऊन आलो. सांगते.

तो खाली आला. ह्यांचे जुने बूट घालून, टोपी नाकापर्यंत ओढून मागच्या सीटवर आडवा झाला. मी वाटभर बोलले नाही, बोलले तर उठून परत जाईल अशी भीती. शिराताकीला पोहोचलो आणि बघते तो काय, आवारात दोन बसगाड्या, कुठल्याशा महिला मंडळाच्या म्हाताऱ्या उतरत होत्या. हारु उतरेना. मला म्हणाला, की तूच बघून ये आणि मला सांग.

दादा, मी कधी त्याच्यावर आवाज चढवला नव्हता, काल चढवला. म्हटलं, नको येऊस, एकटीने जायची मला आता सवय करायलाच हवी. दार आपटलं आणि म्हाताऱ्यांच्या आधी तिकीट काढून आत शिरले. ओढ्याचा आवाज मोठा होता, म्हणून मनसोक्त रडले. तुझा तो पांढरा पडदा मी पाहिला की नाही, आठवत नाही.

आणि बाहेर आले ती डोंगराच्या पलीकडे! तिथे ना आवार ना गाडी. एक बंद दुकान, एक बाक आणि पाठीमागे ते फिरतं लोखंडी दार, ज्यातून फक्त बाहेर पडता येतं. पोटात अशी कळ आली की बाकावर दुमडून पडले. गाडीची किल्ली माझ्या हातात. मनात आलं, मी इथेच संपले तर हा गाडीत बसून राहील, कुणी येऊन काच वाजवेपर्यंत बसून राहील, आणि कुणी काच वाजवली की आणखी घाबरेल. देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. ते दार करकरलं आणि हारु बाहेर आला. तोंड पांढरंफटक, गुडघे चिखलाने भरलेले. त्याच्या मागून म्हाताऱ्या आल्या आणि मला घेरून सगळ्या एकदम बोलायला लागल्या. हा म्हणे अरुंद वाटेत एकेकीला बाजूला सारत, वाकून प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत आला. एक म्हणाली, की आधी आम्हाला चोर वाटला, मग कळलं की आईला शोधतोय. तिकिटाच्या खिडकीवर त्याने एवढंच सांगितलं होतं, की माझी आई आत गेली आहे आणि आलेली नाही. मला मात्र त्याने सुनावलं, की कोट गाडीत विसरलीस. कोट हातात घेऊन आला होता.

म्हाताऱ्यांनी आम्हाला बसमध्ये घालून गाडीपाशी सोडलं. हारु मान खाली घालून बसला होता. शेजारणीने सोललेलं संत्रं त्याच्या हातात कोंबलं, ते त्याने खाल्लं.

घरी आल्यावर वर गेला आणि दार लावून घेतलं. आज दिवसभर हाक मारते आहे, ओ देत नाही. मग बदललं काय, दादा? गुहा झाली, रविवार झाला, दार बंदच. आता माझ्यात आणखी काही करून बघायची ताकद उरलेली नाही.

हिसानो

ओकुतानी,
२१ ऑक्टोबर

चि. हिसानो हीस आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने मला दिवसभर फैलावर घेतलं आहे आणि ते बरोबरच आहे. नोकरीभर मी माणसं शिराताकीच्या या तोंडाशी उतरवली, डोंगराला वळसा घालून त्या तोंडाशी उचलली. स्वतःच्या गाडीने गेलं तर गाडी इकडेच राहते, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. बस चालवणाऱ्या माणसाला सगळं जग बसमधलंच वाटतं. तुला त्या बाकावर एकटं पडावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं.

आता ऐक. पंचवीसला, रविवारी, अकराच्या गाडीने मी येतो. तू दाखल हो. मी घरी राहतो, भात मला करता येतो, ताट त्याच्या दाराशी मी ठेवीन. त्याने दार उघडलं नाही तरी मी काही बोलणार नाही, जमेल तितकं. स्टेशनवर यायची तसदी घेऊ नकोस, चाचपडत येईन.

धीर सोडू नकोस, मी आहे.

दादा

कुराशिकी,
२३ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

आईला आलेलं तुमचं पत्र मी उघडलं. क्षमा असावी. आई घरी नाही.

काल दुपारी ती स्वयंपाकघरात पडली. आवाज ऐकून मी खाली आलो. अँब्युलन्सला फोन मी केला. ते विचारतात तेवढ्याचं उत्तर द्यायचं असतं, म्हणून जमलं. आपणहून फोनवर बोलणं अजून जमत नाही, म्हणून हे पत्र, तातडीच्या टपालाने. टाकायला मीच जाणार आहे.

डॉक्टर सोमवारपर्यंत थांबणार नाहीत, उद्याच कापणार आहेत. आईचं वय आणि अशक्तपणा पाहता काही सांगता येत नाही असं त्यांनी मला सांगितलं. मी सही केली. त्यांनी नातं विचारलं, मुलगा म्हणून सांगितलं. आई शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, की जेवलास का. मग मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो, तिथे कुणी येत नाही. आज पुन्हा जाईन. उद्याही.

मामा, तुम्ही माझ्यासाठी येऊ नका. भात मी शिजवीन. आईसाठी या. तिच्याशी बोलणारं कुणी तरी हवं, मी नुसताच उभा राहतो.

तुमचे डोळे अधू आहेत, कुराशिकीचं स्टेशन आता बदललं आहे म्हणतात. चाचपडत येऊ नका. रविवारी अकराच्या गाडीला मी घ्यायला येईन. मी दिसलो नाही तर पुढे जाऊ नका, थोडा वेळ तिथेच थांबा. मी घरातून निघालेला असेन.

आपला,
हारु