तिसऱ्या कडव्यातली पैंजणं

३ नोव्हेंबर
आजपासून डायरी. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहिणार.

पहिलं खरं म्हणजे माझ्यासारखा कान अख्ख्या कोल्हापुरात नाही. शाहूपुरीत पंप-मोटारींचं दुकान जन्मभर चालवलं. गिऱ्हाइकानं मोटार चालू केली की मी पाठ फिरवून सांगायचो, बेअरिंग गेलंय. कधी चुकलो नाही. कळंब्याच्या एका पावण्याची चांगली मोटार खोलली होती हे खरं, पण खोलल्यावर ती बिघडलीच. म्हणजे बिघडणारच होती.

आता दुकान मुलगा बघतो, महांतेश. मी वरच्या पुढच्या खोलीत माझ्या कॅसेटी बघतो.

४ नोव्हेंबर, सकाळी
डोकं तापलंय. शेजारचा धैर्यशील चहाला आला आणि 'रंगू निघाली रंकाळ्याला' या सिनेमातल्या गाण्यावर घसरला. म्हणे गाणं ऐकायचं तर रेकॉर्डवर. सिनेमा गाजल्यावर कंपनीनं वादकांना परत बसवून गाणं नव्यानं घेतलं, व्हायोलिनं वाढवली, आवाज कसा काचेसारखा स्वच्छ!

स्वच्छ म्हणे! लग्न एकदाच लागतं. मग फोटोवाला परत हार घालायला लावतो, त्याला लग्न म्हणतात का? सिनेमातलं ते मूळ. रेकॉर्डवरची ती नक्कल.

माझ्याकडे मूळ आहे. १९८८ साली टीव्हीवर हा सिनेमा लागला तेव्हा टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवून, टीव्हीला चिकटवून घेतलेलं. पंखा बंद, कुकर बंद, खिडक्या बंद. शिवलीला तेव्हा नवी नवरी, तिलाही श्वास हळू घे म्हटलं होतं. सिनेमा आणि माझी कॅसेट, मधे फक्त हवा.

आणि माझ्या कॅसेटवर तीन गोष्टी अशा आहेत की ज्या धैर्यशीलच्या रेकॉर्डवर शोधून सापडणार नाहीत. सुरुवातीला संगीतकार खाकरतो, वादकांना इशारा म्हणून. तिसऱ्या कडव्यात लांबून पैंजणं येतात, छुम छुम छुम, डावीकडून उजवीकडे. आणि शेवटाला एक बारीक टिंग. ट्रँगल असणार. काय जागा आहे! सदतीस वर्षं ऐकतोय, अजून अंगावर काटा येतो.

धैर्यशील म्हणाला, भरमाण्णा, सिद्ध करून दाखवा की. दाखवतो की!

५ नोव्हेंबर
आमच्या गाण्यांच्या रसिक मंडळानं जाहीर कार्यक्रमाला तारीख दिली. रविवार, २३ तारीख. विषय: मूळ आणि नक्कल. वक्ता: मी.

संकल्प: कार्यक्रम होईस्तोवर मिसळ बंद. कटाच्या तिखटानं कान भणभणतात.

६ नोव्हेंबर
मिसळ खाल्ली. धैर्यशीलनं नेलं. शत्रूच्या गोटातली माहिती काढायची तर त्याच्याबरोबर बसावं लागतं. माहिती अशी की तो पुण्याच्या भाच्याकडून सिनेमाची चांगली कॉपी मागवतोय. मागव बाबा. तुझ्याच हातानं तुझी फजिती.

कट दोनदा घेतला. उद्यापासून नक्की.

९ नोव्हेंबर
घरात बंडाळी. सूनबाई तेजस्वीला माझी खोली पाहिजे. ती दहावीच्या पोरांना मोबाईलवरून गणित शिकवते, त्याचे व्हिडिओ करते, आणि ते स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्यांमधे करावे लागतात. म्हणाली, मामा, कॅसेटी कपाटात मावतील की. मावतील म्हणे! तीनशे बारा कॅसेटी आहेत. माणसाचं आयुष्य कपाटात मावतं का?

महांतेश तिच्या बाजूनं. शिवलीला गप्प, म्हणजे तीही तिच्या बाजूनं.

मी पण भरमाण्णा आहे. तिथल्या तिथं सांगून टाकलं, तेवीस तारखेला भर सभेत माझ्या तीन मुद्द्यांतला एक जरी पडला, तरी खोली दुसऱ्या दिवशी तुझी. तेजस्वीनं परत एकदा म्हणायला लावलं आणि मोबाईलवर घेतलं. घे म्हटलं. खणखणीत आवाजात दिलंय.

१२ नोव्हेंबर
मोठा शोध! शिवलीलाचं माहेर हुपरी. घरात तीन पिढ्या चांदीची पैंजणं घडवतात. म्हटलं घरात तज्ज्ञ असताना बाहेर कशाला जा. मेथी निवडत बसली होती, तिला तिसरं कडवं ऐकवलं. ही पितळी घुंगरं का हुपरीची चांदी, एवढंच सांग म्हटलं.

अर्ध्या छुमला म्हणाली, हुपरीचंच हाय.

खात्री काय म्हटलं. तर म्हणाली, माझ्या बापानं घडवल्यालं मला कळंना व्हय?

मी खुर्चीतून उठलोच. म्हणजे सिनेमात नटीच्या पायात माझ्या सासऱ्यांची पैंजणं! आणि माहेरच्यांनी आजवर तोंडातून ब्र काढला नाही. केवढी ही साधी माणसं. शिवलीला हसत होती. अभिमानानं असणार. पुढं आणखी काहीतरी सांगायला लागली, पण मला लगेच भाषणात घालायचं होतं, नंतर सांग म्हटलं.

१५ नोव्हेंबर
हुपरीला मेहुण्याला फोन केला. तो म्हणतो, आबांनी जन्मात सिनेमा बघितला न्हाय, सिनेमावाल्यांना पैंजण कुठलं देत्यात. आणि दाजी, तब्येत बरी हाय न्हवं, असं विचारलं.

लपवतोय. का ते शोधून काढीन.

मिसळ खाल्ली. संशोधनाला ताकद लागते.

१८ नोव्हेंबर
टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालाय. गाणं झोप आल्यासारखं चालतं. पट्टा बदलून आणला. आता पैंजणं पूर्वीपेक्षाही ठळक येतात. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि खरं सांगायचं तर डोळ्यात पाणी आलं. त्या पायात काय ठेका होता! घाई आहे, पण लाज पण आहे. अशी बाई आता कुठल्या सिनेमात मिळणार नाही.

शिवलीला दारात उभी होती. म्हणाली, अवो, हॉलात न्यायच्या आदी माझं जरा ऐकून घेता का. म्हटलं, सगळं हॉलमध्येच ऐकायचं. बरं, म्हणाली, मग हॉलातच सांगतो.

२२ नोव्हेंबर
तयारी पूर्ण. शर्ट इस्त्रीला. खाकरायचं नाही असा संकल्प, कारण माईकवर ते बरं दिसत नाही. तेजस्वीनं खोलीची मापं घेतली. पोरीला उद्या वाईट वाटणार, तिला एखादा पंखा घेऊन द्यावा स्वयंपाकघरात.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळी
कार्यक्रम झाला. तब्येत ठीक नाही. जेवलो नाही.

२४ नोव्हेंबर
जे झालं ते लिहून ठेवतो, नाहीतर गावात भलतंच पसरेल. पसरलंच आहे.

हॉल भरला होता. आधी धैर्यशीलची पुण्याहून आलेली सिनेमाची कॉपी लावली. खाकरणं नाही, पैंजण नाही, टिंग नाही. मी शांतपणे सांगितलं की ही कॉपी कोणीतरी धुऊन काढलेली आहे. मग रेकॉर्ड लावली. तीत नाहीच, ते मीच सांगत होतो. टाळ्या. मग मी माईकपाशी गेलो. सवयीनं खाकरलो. म्हटलं, आता ऐका मूळ! आणि कॅसेट चालू केली.

दोन सेकंदांनी स्पीकर खाकरला.

हुबेहूब. पहिल्यांदा बारीक घशातलं, मग जाड, मग थोडं थांबून परत बारीक. मग मागून कोणीतरी खाकरलं. मग तिकडून आणखी एक. मिनिटभर सगळं रसिक मंडळ खाकरत होतं. एवढी सुशिक्षित माणसं!

मी डगमगलो नाही. म्हटलं, योगायोग. पुढं ऐका. तिसरं कडवं आलं. पैंजणं आली. त्या हॉलचे स्पीकर म्हणजे जत्रेतले, नको ते पण मोठं करून दाखवतात. पैंजणांमागं दाराची कडी वाजली. मग कपबशीची किणकिण जवळ जवळ येत गेली. आणि शेवटाला टिंग.

बायकांच्या रांगेतून शिवलीला उठली. घरात हळू बोलते, तिथं मात्र आवाज खणखणीत. म्हणाली, अवो, ती मी हाय की! तुमास्नी च्या आणलेला. चमचा पडला बघा बशीतनं.

धैर्यशील हसून हसून खुर्चीवरून घसरला. वर येऊन माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणतो, भरमाण्णा, वहिनींचं नाव टाकाय पायजे सिनेमाच्या पाटीवर.

माझं मत असं. एक, पैंजणं हुपरीची आहेत हे मी सांगितलं होतं आणि ती हुपरीचीच निघाली, सासऱ्यांनी घडवलेली निघाली. कान चुकलेला नाही. दोन, खाकरणाऱ्याचा इशारा होताच, फक्त तो चहासाठी असावा. तीन, सिनेमातलं मूळ आणि रेकॉर्डवरची नक्कल हा सिद्धांत जागच्या जागी उभा आहे, पुरावा तेवढा घरचा निघाला. खोलीबद्दल विचार चालू आहे.

दुपारी तेजस्वीनं मोबाईल दाखवला. माझाच आवाज. खणखणीत.

२६ नोव्हेंबर
कॅसेटी कपाटात गेल्या. मावल्या. एक कप्पा उरला.

२८ नोव्हेंबर
दारावर पाटी: रेकॉर्डिंग चालू आहे, शांतता राखा. पाटी माझ्या खोलीवर! मी नुसता जिन्यात उभा होतो. त्रिकोणमितीच्या मधे खाकरलो म्हणे, म्हणून तेजस्वीनं सगळा धडा परत घेतला. संध्याकाळी मी दोन्ही बघितले. दुसरा स्वच्छ आहे, पण जीव नाही. पहिलाच टाक म्हणून तिला सांगितलं. मामा, तुम्ही मिसळ खाऊन या, असं म्हणाली.

खाऊन आलो.

३० नोव्हेंबर, दुपारी
एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. शिवलीला डाळ निवडत होती. सहज विचारावं तसं विचारलं, हल्ली पैंजणं घालत नाहीस ते कधीपासून?

म्हणाली, त्याच दिवसापास्नं की.

कुठल्या, म्हटलं.

तुमचं ते गाणं घेतल्यालं त्या दिवसापास्नं. गाणं संपल्यावर काय ओरडलासा माझ्यावर! सगळं रेकॉर्डिंग नासवलंस, काढून टाक ती पायातनं. मग काढली. डब्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी कॅसेट लावल्यावर म्हटलासा, तिसऱ्या कडव्यात काय सुंदर वाजतंय. मला वाटलं, समजूत घालताय. मग कळलं, तुमास्नी खरंच ठाऊक न्हाय.

हे सगळं तिनं खडे वेचता वेचता सांगितलं. रागानं नाही. 

मला त्या दिवसाचं सगळं आठवतं. स्टूल, बंद पंखा, कॅसेटचा हिरवा कागद. एवढंच आठवत नाही. पण म्हटलं, हातपाय गाळणारा मी नाही. मी म्हणालो, ऊठ, काढ डबा, घाल पैंजणं. तेजस्वीच्या खोलीत जाऊ, तिच्या मोबाईलवर घेऊ, खिडक्या लावून, एकदम स्वच्छ. मी खाकरणार पण नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, आता घेतलं तर ती नक्कलच की हो. मूळ हाय न्हवं तुमच्याकडं, तेच ऐका. आणि च्या टाकतो म्हणून उठून आत गेली.

मी कपाटातून कॅसेट काढली. लावली नाही. नुसती हातात घेऊन खुर्चीत बसलो. आतून कपबशीचा आवाज आला की तिच्या हातातनं ट्रे तरी घ्यावा असं ठरवलं, आणि कान देऊन बसलो.

बघतो तर चहा शेजारी स्टुलावर ठेवलेला, वर साय धरलेली. ती कधी आली आणि कधी गेली, मला कळलंसुद्धा नाही.