एक्केचाळीस नंबरची खापरं

शिरूर,
९ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

वहिनींचा गुडघा कसा आहे? आबा जाऊन दिवाळीत दोन वर्षं झाली. त्यांची ट्रंक काल पहिल्यांदा उघडली. तळाशी आईच्या लुगड्याच्या तुकड्यात आठ खापरं बांधलेली होती. तांबडी, वर काळ्या तिरक्या रेघा. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातल्या इनामगावच्या चित्राशी ताडून पाहिली. तशीच दिसतात.

प्रत्येकाच्या आतल्या बाजूला शाईने इनामगावची इंग्रजी अक्षरं आणि ४१ हा आकडा आहे. तिथल्या जुन्या वस्तीच्या खोदकामावर आबा खापरं धुवायला होते. वाळली की साहेब असाच नंबर घालत, हे आबाच सांगायचे. नंबर पडला म्हणजे वस्तू सरकारची. मग ती आपल्या ट्रंकेत कशी आली?

मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवते आणि स्वतःच्या बापाविषयी असा विचार करते, याची लाज वाटते. ट्रंक उघडायलाच नको होती असं वाटतं, त्याचीही वाटते. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी पुण्याच्या पुरातत्त्व कचेरीत सगळं देऊन येणार आहे. त्याआधी तुला काही ठाऊक असेल तर कळव. घरात विचारायला दुसरं कोणी नाही.

तुझी,
सीमा

*

दौंड,
१४ नोव्हेंबर

चि. सीमास,
जयभीम व आशीर्वाद.

मास्तरीण झालीस आन् बापाचीच वही तपासायला बसलीस व्हय? पुण्याला जाऊ नको. आधी बोट ओलं कर आन् एका रेघेवर घास. जुन्या खापराची रेघ भट्टीत भाजलेली असती, ती निघत न्हाई. तुझं बोट काळं होईल.

आई तिथं मातीच्या पाट्या वाहायची. वाळत घातलेल्या खापरांवरच्या रेघा तिला लई आवडल्या. एका सुट्टीला तिनं तव्याची काजळी डिंकात कालवली आन् आपल्या डाळीच्या मडक्यावर तशाच रेघा काढल्या. तू तवा पुण्याला होस्टेलात होतीस.

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते मडकं माझ्या हातून फुटलं. आबांनी सगळे तुकडे गोळा केले. माझी शाईची दौत घेतली आन् एकेका तुकड्यावर नंबर घातला. खोदकामावर एका मडक्याच्या सगळ्या तुकड्यांना एकच नंबर, म्हंजी ते परत एकत्र यावेत. अक्षरं त्यांनी चित्रासारखी बघून काढली. एक्केचाळीस हा आईचा हजेरीतला नंबर. तेवढाच त्यांना लिहिता यायचा.

नोकरीला निघालो तवा त्यांनी दोन तुकडे माझ्या पिशवीत घातले. एस.टी.च्या पार्सलनं पाठवतो. मला यायला जमायचं न्हाई. आबा आजारी असताना आलो न्हाई, आता कोणत्या तोंडानं त्या घरात पाय ठेवू?

तुझा,
दादा

*

शिरूर,
२२ नोव्हेंबर

ती. दादास,
सप्रेम जयभीम वि. वि.

बोट काळं झालं. संध्याकाळपर्यंत हात धुतला नाही. आबांवर मी काय संशय घेतला ते आता कुणाजवळ कबूल करू? म्हणून तुझ्याजवळ करते. पुण्याला गेले नाही.

पार्सल डेपोतून आणलं. परातीत वाळू घेऊन, कणकेची खळ लावून दोन दिवस एकेक तुकडा बसवत होते. आईचा हात चांगला होता रे. एकच रेघ वाकडी आहे, तिथे तिला कोणी हाक मारली असावी.

पत्रात तू दोन तुकडे लिहिलेस, पार्सलात एकच निघाला. मी कागद दोनदा झटकून पाहिला, मग समजले. बुडापाशी तळहाताएवढी जागा रिकामी राहिली आहे. तिथून मडकं कलतं, म्हणून वाळूतच ठेवलं आहे.

आबा आजारपणात तुझ्याविषयी काय म्हणाले, ते मी आजवर लिहिलं नाही. तुला वाईट वाटेल म्हणून, की मला एकटीलाच ठेवायचं होतं म्हणून, हे अजून ठरवता येत नाही. रागाचं काही म्हणाले नाहीत. आलास की सांगेन.

तो तुकडा पार्सलने पाठवू नकोस. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, दुपारी मी घरीच असते.

पत्रातून लोभ पुष्कळ झाला. आता तो समक्ष असावा.

तुझी,
सीमा